चाकांचे सोवळे

'जुने ते सोने' ही म्हण ज्या शहाण्याने प्रथम उच्चारली, त्याला रबर ठाऊक नसावे. सोने शंभर वर्षे पेटीत पडून राहिले तरी त्याचा कस उतरत नाही. रबर मात्र नुसते भिंतीला टेकवून ठेवले तरी वर्षागणिक आतून मरत जाते. हवेतला प्राणवायू त्याला कडक करतो, ओझोन त्याला भेगा पाडतो. आणि ज्या दिवशी ते फाटते, त्या दिवशी ते धावत्या गाडीखाली असते आणि गाडीत माणसे असतात. ही गोष्ट शाळेतल्या पोरालाही समजावी. पण अमेरिकेतल्या हौशी मोटारवाल्यांचा एक मोठा पंथ असा आहे की त्याला ती समजत नाही, किंवा समजूनही उमजून घ्यायची नाही. त्या पंथाशी दोन हात करण्यासाठी हा लेख आहे.

वाचकहो, चकलीचा तुकडा मोडता मोडता टायरची चर्चा वाचावी लागते आहे म्हणून नाक मुरडू नका. वाद वरून टायरचा दिसतो, पण मुळात तो परंपरेचा आहे. आणि परंपरेच्या वादात आपण मराठी माणसे जन्मजात पंच असतो. सोवळे कशाला म्हणावे आणि ते कुठवर पाळावे, यावर आपल्या घराघरांत जितके रण माजले असेल तितके क्वचितच कुठे माजले असेल. तेव्हा कॅलिफोर्नियातल्या या सोवळ्याचा निवाडा करण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे कोणी म्हणू नये.

माझा या भानगडीशी संबंध कसा आला तेही सांगतो. मी एक शाळामास्तर. मॅट्रिकच्या पुढे कॉलेजची पायरी चढलो नाही. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझा एक जुना विद्यार्थी कॅलिफोर्नियात नोकरीला आहे. त्याने तिथे तीन वर्षांचे रविवार खर्ची घालून १९३२ सालच्या फोर्डची 'हॉट रॉड' उभी केली. गाडी झाली, रंग झाला, टायर तेवढे राहिले, आणि टायरवरून त्याच्या हौशी मित्रमंडळात असा काही कडाका उडाला, की त्याने मला लिहिले, "सर, इथले जुनेजाणते म्हणतात, रेडियल बसवलेस तर या गाडीला हॉट रॉड म्हणू नकोस. तुम्ही काय म्हणाल?" मी काय म्हणतो ते त्याला केव्हाच कळवले. आता चारचौघांत सांगतो.

पण 'हॉट रॉड' म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. १९३० च्या आगेमागे दक्षिण कॅलिफोर्नियातल्या तरुण पोरांच्या हाती जुन्या, स्वस्त फोर्ड मोटारी येऊ लागल्या. मॉडेल टी, मॉडेल ए, आणि पुढे १९३२ ची ती आठ सिलिंडरांची व्ही-८ फोर्ड, जिला तिकडे आजही लाडाने 'ड्यूस' म्हणतात. खिशात पैसा नाही; हातात पाना आणि डोक्यात वेगाचे वेड. त्यांनी मडगार्डे उपटली, बॉनेट काढले, टप काढला, जे जे जड ते ते उतरवले. इंजिनाला जादा हवा आणि जादा पेट्रोल पाजण्याच्या युक्त्या काढल्या. आणि लॉस एंजलिसपलीकडच्या वाळवंटात मुरॉक, एल मिराज अशी जी कोरडी तळी आहेत, त्यांच्या टणक तळांवर गाड्या पिटाळल्या. १९३७ साली त्यांच्या क्लबांनी एकत्र येऊन वेग मोजणारी संघटना स्थापन केली. १९४८ च्या जानेवारीत 'हॉट रॉड' याच नावाचे मासिक निघाले. १९४९ साली युटा राज्यातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या पठारावर त्यांचा पहिला वेगसप्ताह भरला. आपल्याकडे असली गाडी रस्त्यावर दिसत नाही, कारण नोंदलेल्या गाडीत मनाला येईल तसा फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते. तिकडे मात्र ती हौस आज नातवंडांच्या पिढीपर्यंत पोचली आहे.

आता या गाडीत टायरचे एवढे काय? साध्या मोटारीचे चाक मडगार्डाखाली निम्मे झाकलेले असते. हॉट रॉडला मडगार्डच नाही; चाक सगळे उघड्यावर. म्हणजे गाडीच्या चेहऱ्याचा निम्मा भाग टायरच. त्यातून पुढची चाके बारीक आणि मागची थोराड, अशी या गाडीची रीत. त्यामुळे ती झडप घालायला दबा धरून बसलेल्या मांजरीसारखी पुढे झुकलेली दिसते. ही ऐट देखाव्यासाठी जन्मली नाही. मागचे चाक उंच असले की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, इंजिनाला कमी फिरावे लागते आणि मैदानावर वरचा वेग वाढतो. गरजेतून रूप आले आणि रूप आवडले म्हणून टिकले. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. माझा सगळा दावा त्याच्यावर उभा आहे.

टायर दोन जातींचे. जुन्या जातीच्या टायरमध्ये रबराच्या पोटात दोऱ्यांचे थर असतात आणि ते बाजेच्या विणीसारखे एकमेकांना तिरपे छेदत जातात. आपल्याकडे टायरच्या दुकानात याला 'नायलॉन टायर' म्हणतात. या वीणेमुळे टायरची बाजू आणि जमिनीला टेकणारा माथा एकाच कातड्याचे होतात. वळणावर बाजू वाकली की माथाही तिच्याबरोबर वाकतो आणि त्याची एक कड जमिनीवरून उचलू पाहते. शिवाय एकमेकांवरून गेलेले थर चालताना आपसांत घासतात आणि टायर तापते.

दुसरी जात रेडियलची. ही समजायला बैलगाडीचे चाक आठवावे. मधल्या तुंब्यापासून परिघाकडे आरे सरळ जातात आणि वरून लोखंडी धाव चढवलेली असते. रेडियल टायरमध्ये दोरे असेच आऱ्यांच्या दिशेने, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात, आणि माथ्याखाली पोलादी तारांचा पट्टा धावेसारखा गुंडाळलेला असतो. बाजू मऊ आणि माथा ताठ. गाडी वळली तरी बाजू लवते, पण माथा जमिनीला सपाट चिकटून राहतो. घासणे कमी, म्हणून तापणे कमी. तापणे कमी, म्हणून आयुष्य जास्त. ओल्या रस्त्यावर पकड अधिक. फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने १९४६ साली याचे पेटंट घेतले आणि १९४९ मध्ये ते बाजारात आणले. अमेरिकेतल्या कारखान्यांनी मात्र पुढे वीस वर्षे टाळाटाळ केली, कारण त्यासाठी यंत्रे बदलावी लागणार होती. मिशेलिनचे रेडियल टायर कारखान्यातूनच घालून आलेली पहिली अमेरिकन गाडी म्हणजे १९७० सालची लिंकन कॉन्टिनेन्टल मार्क ३. तोवर हॉट रॉडवाल्यांची पहिली पिढी पोक्त झाली होती.

मग रेडियलचा दोष कोणता? दोष रूपाचा. आजच्या गाड्यांचे रेडियल बुटके आणि रुंद. त्यांची बाजू पोट सुटल्यासारखी बाहेर येते. ते टायर १९३२ च्या फोर्डवर घातले तर धोतर-पगडीवर कॅनव्हासचे बूट चढवल्यासारखे दिसते. यावर काही कारखानदारांनी तोडगा काढला. टेनेसीतल्या चॅटनूगा गावी १९५८ साली सुरू झालेली कोकर कंपनी जुन्या घाटाचे टायर बनवण्यासाठी प्रसिद्ध आहे. तिने आणि तिच्यासारख्या इतरांनी असे रेडियल काढले की बाजू उभी, अंग उंच आणि अरुंद, खांदा काटकोनी, नक्षी पन्नास-साठ वर्षांपूर्वीची. हवी तर रुंद पांढरी पट्टीही. चेहरा आजोबांचा, सांगाडा नातवाचा. चार पावलांवरून ओळखू येऊ नये इतका हा वेष आता साधला आहे.

आणि इथेच कर्मठांचे पित्त खवळते. त्यांचे म्हणणे मी प्रामाणिकपणे मांडतो. ते म्हणतात, आमचे पूर्वसूरी तिरप्या विणीच्या टायरवर धावले, म्हणून आम्हीही त्याच्यावरच धावणार. दुसरे, रेडियलला जुना चेहरा लावणे ही लबाडी आहे. लावायचेच तर उघड लावा. तिसरे, जुन्या टायरवर गाडी जी डुलते, रस्त्याच्या चाकोरीमागे जी ओढली जाते, सुकाणू हातात धरून तिला जे सारखे सांभाळावे लागते, तोच तर हौसेचा गाभा आहे.

पहिला मुद्दा घ्या. पूर्वसूरींनी जुने टायर वापरले ते व्रत म्हणून नव्हे. दुकानात दुसरे नव्हतेच म्हणून. जे नव्हते ते न वापरण्यात कसली निष्ठा? ज्यांच्या नावाने हे सोवळे चालते, ती माणसे कशी होती हे तरी पाहा. फोर्डने आपल्या गाड्यांना तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक १९३९ मध्ये दिले. तोवर फोर्डचे ब्रेक तारा-कांड्यांनी ओढले जात. नवे ब्रेक निघताच हॉट रॉडवाल्यांनी ते भंगारातून आणून आपल्या १९३२ च्या गाड्यांना बसवले. 'बत्तीसच्या गाडीला एकोणचाळीसचे ब्रेक? शिव, शिव!' असे त्यांतला एकही म्हणाला नाही. युद्ध संपल्यावर लढाऊ विमानांच्या पेट्रोलच्या जादा टाक्या मोडीत निघाल्या, तर त्यांना चाके लावून यांनी वाऱ्याला कापणाऱ्या गाड्या केल्या. १९५५ मध्ये शेव्हर्लेचे नवे हलके व्ही-८ इंजिन आले, तेव्हा ज्या फोर्डच्या इंजिनावर त्यांची सारी विद्या उभी होती, तेच उपटून त्यांतल्या कित्येकांनी फोर्डच्या गाडीत शेव्हर्लेचे इंजिन घातले. १९६० साली बॉनव्हिलला मिकी थॉम्सनने ताशी ४०० मैलांची रेषा ओलांडली, ती काय आजोबांच्या मॉडेल टीच्या टायरवर? तेव्हा परंपरेचाच हवाला द्यायचा असेल तर मी म्हणतो : आहे त्याहून चांगले मिळाले की जुने फेकून ते घालणे, हीच या लोकांची एकमेव परंपरा. त्यांना १९४८ साली रेडियल मिळाले असते तर त्यांनी ते रात्रीतून चढवले असते, आणि आज कर्मठांनी रेडियलच्याच आरत्या ओवाळल्या असत्या.

गंमत आणखी पुढे आहे. टायरच्या पोटात असे सरळ दोरे घालण्याची कल्पना परकी म्हणून झिडकारणाऱ्यांना हे ठाऊक नसते, की १९१५ च्या सुमारास अशा टायरचे पेटंट घेणाऱ्यांत आर्थर सॅव्हेज नावाचा गृहस्थ होता आणि त्याचा टायरचा कारखाना होता सॅन डिएगोला. म्हणजे याच दक्षिण कॅलिफोर्नियात! ज्याला हे विटाळ म्हणतात तो त्यांच्याच अंगणात रांगलेला आहे.

दुसरा मुद्दा लबाडीचा. मी कादंबरीकार आहे, म्हणून वेषांतराविषयी बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे. पेशव्यांच्या काळची कादंबरी लिहिणारा लेखक ती बोरूने मोडीत लिहून, हातकागदावर नकला करून विकत नाही. तो ती यंत्रावर छापतो. वाचकाला तो काळ दिसावा एवढेच त्याचे देणे. स्वतः त्या काळच्या देवीने आजारी पडावे असे कोणी त्याला सांगत नाही. लबाडी केव्हा होते? समोरच्याला फसवून काही लुबाडले तर. जुन्या चेहऱ्याच्या रेडियलने कोणाचे काय लुबाडले? त्याच्या बाजूवर आकारात 'आर' हे अक्षर उघड कोरलेले असते, वाचणाऱ्याने वाचावे. उलट, खरी लबाडी कर्मठांच्या गाडीत आहे. मूळ इंजिन ६५ अश्वशक्तीचे. यांनी घातलेले तीनशेचे. मूळ गाडी मातीच्या आणि अरुंद रस्त्यांसाठी. हे धावणार ताशी ६५ मैलांच्या हमरस्त्यावर, दोन्ही बाजूंना अजस्र मालमोटारी असताना. इंजिन आजचे, वेग आजचा, रहदारी आजची, आणि जमिनीशी ज्याची गाठ तो टायर तेवढा आजोबांच्या काळचा! पंगतीत सगळे ओवाळून टाकायचे आणि पाण्याच्या लोट्यापुरते सोवळे पाळायचे, त्यातलाच हा प्रकार.

तिसरा मुद्दा हौसेचा; तिथे मी थोडा नमतो. ती डुलण्याची मजा खरी असेल. रात्रभर उभ्या गाडीच्या टायरला खालून सपाटी येते, सकाळी पहिले दोन मैल गाडी धडधडत जाते आणि मग टायर तापून गोल होते; यातही कोणाला काव्य वाटत असेल. नव्याने बनवलेले, कायद्याच्या कसोटीला उतरलेले तिरप्या विणीचे टायर हे काही यमदूत नव्हेत. ज्याला ते घालून रविवारी सकाळी कोरड्या रस्त्यावर जपून हिंडायचे आहे, त्याने खुशाल हिंडावे. माझे भांडण त्याच्या हौसेशी नाही. त्या हौसेचा शास्त्राधार करून जो दुसऱ्याला वाळीत टाकतो, त्याच्याशी आहे. पहिल्यांदाच असली गाडी चालवणाऱ्या तरुणाला, शेजारी बायको बसलेली असताना, 'अस्सल व्हायचे असेल तर कमी पकडीचे टायर घाल' असे सांगणे हा रसिकपणा नव्हे, बेजबाबदारपणा आहे.

आणि एक सवलत मी आपण होऊन देतो. जी गाडी कारखान्यातून जशी निघाली तशी जतन केली आहे, तिला जुन्याच जातीचे टायर शोभतात. ती गाडी हा एक दस्तऐवज आहे. दस्तऐवजात खाडाखोड करू नये. मुंबईत जुन्या मोटारींची फेरी निघते तेव्हा लोक त्यांत ते ते साल पाहायला जातात, आणि त्या गाड्याही बेताने चालतात. पण हॉट रॉड हा दस्तऐवज कधीच नव्हता. तो मुळातच खाडाखोड आहे. ज्याने पहिले मडगार्ड उपटले त्यानेच ती सुरू केली. खाडाखोडीच्या वहीला अस्सल प्रतीचे नियम लावणे हे पंडितांनाच सुचावे.

आता उजवीकडचे शत्रू झाले, डावीकडच्यांकडे वळतो. 'रेडियल म्हटले की झाले' असे समजून नुसता चेहरा पाहून टायर निवडणारा दुसरा एक वर्ग आहे, आणि तोही तितकाच घातक आहे. रेडियल हा मंत्र नव्हे. तो नीट बनवावा लागतो. अमेरिकेतल्या फायरस्टोन कंपनीच्या '५००' या रेडियल टायरचे माथे चालता चालता सुटू लागले, माणसे मेली, आणि १९७८ साली सुमारे दीड कोट टायर परत घ्यायची पाळी त्या कंपनीवर आली. नव्या नावाचीही आरती ओवाळायची नसते, हा त्यातला धडा. म्हणून निवडीचा क्रम सांगतो. तो उलटा केला की मुखवटाच तेवढा हाती राहतो.

पहिले पाहायचे ते वजन आणि वेग. टायरच्या बाजूवर त्याला किती भार आणि किती वेग पेलेल हे लिहिलेले असते. ते गाडीशी ताडून पाहावे. दुसरी गोष्ट रिम. जुन्या रिमा तिरप्या विणीच्या टायरसाठी घडवलेल्या. रेडियलची मऊ बाजू रिमेला वेगळ्या तऱ्हेने पिळते, म्हणून गंजलेली, चिरलेली किंवा फार अरुंद रिम असेल तर आधी ती बदलावी. आरे असलेल्या चाकांना आणि रिव्हेट मारलेल्या रिमांना ट्यूब लागतेच. ती रेडियलसाठी केलेलीच घ्यावी, नाही तर आत घासून फुटते. तिसरी गोष्ट उंची. जुन्या आकाराचे मागचे टायर तीस इंच उंच असेल आणि हौशीने त्या जागी आजच्या बाजारातले २०५/७५ आर १५ चढवले, तर ते जेमतेम सत्तावीस इंच भरते. दिसायला तीन इंच. पण त्याच वेगाला इंजिनाचे जिथे शंभर फेरे होत तिथे एकशे अकरा होतात, वेगाचा काटा खोटे बोलतो, आणि ती दबा धरलेल्या मांजरीची ऐटही जाते. जुन्या घाटाचे रेडियल हवे ते यासाठीसुद्धा : ते उंची राखतात.

चौथी गोष्ट वयाची, आणि ही सगळ्यांत जास्त डावलली जाते. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात. '२३१९' असे असेल तर ते टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनले असे समजावे. २००० सालापूर्वी तिथे तीनच आकडे असत; तीन आकडे दिसले तर भाव विचारण्याचेही कारण नाही. हॉट रॉड वर्षाकाठी थोडीच धावते. तिच्या टायरची नक्षी कधी झिजत नाही, आणि मालक म्हणतो, 'टायर अगदी नवे आहेत हो!' नक्षी नवी असते, रबर म्हातारे झालेले असते. आपल्याकडे टायर गोटा झाले की तेवढे लक्षात येते. पण न झिजता मेलेले टायर गोटा झालेल्या टायरहून कपटी, कारण त्याचा चेहरा तरुण असतो. सहाव्या वर्षापासून दर वर्षी जाणत्याकडून तपासून घ्यावे आणि दहाव्या वर्षी, कितीही जीव जडला असला तरी, टाकून द्यावे.

पाचवी गोष्ट, भेसळ करू नये. पैसे वाचवण्यासाठी पुढे रेडियल आणि मागे जुने, असे काही जण करतात. पुढचे टायर वळणाला घट्ट धरते, मागचे सुटते, आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. ब्रिटनमध्ये अशी जोडणी कायद्यानेच मना आहे. चारही एका जातीचे असावेत आणि रेडियल घातल्यावर पुढच्या चाकांचा कोन नव्याने जुळवून घ्यावा. पांढऱ्या पट्टीची हौस असेल तर ती टायरच्या रबरातच भाजलेली असावी. रिम आणि टायर यांच्यामध्ये वरून अडकवायची पांढरी रबरी कडी मिळतात, ती स्वस्त पडतात. पण रेडियलची बाजू सारखी लवत असते, आणि ते कडे तिला कानशीसारखे घासत बसते.

एवढे सगळे झाल्यावर, सहाव्या जागी, चेहरा. तेव्हा मात्र मनसोक्त निवडावा. नक्षी कोणती, खांदा कसा, पट्टी किती रुंद, अक्षरे उठावाची की साधी. यात दिवसचे दिवस घालवावेत. मी रूपाचा शत्रू नाही. दाराशी रांगोळी घालणाऱ्या घरात मी वाढलो आहे. रांगोळीने घर तोलून धरले जात नाही, पण म्हणून ती खोटी होत नाही. घर भिंतींनी तोलावे आणि रांगोळी उंबऱ्यापुढे घालावी. भिंती पडक्या ठेवून रांगोळीचा थाट करणाराला गावात काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही.

हे टायर महाग पडतात, अशी कुरकूर मी आधीच ऐकतो आहे. पडतात खरे. पण रंगावर, चामड्याच्या बैठकीवर, आरशासारख्या चकचकीत मुलाम्यावर पाण्यासारखा पैसा ओतणारा माणूस टायरपाशी येऊन काटकसरीचे कीर्तन लावतो, तेव्हा ते ऐकून घेण्याचे माझ्यावर बंधन नाही.

आणि शेवटी एक गोष्ट, जी दोन्ही बाजूंचे पंडित विसरतात. गाडी तुमची असेल. रस्ता सर्वांचा आहे. कितीही मोठे इंजिन असो, गाडी जमिनीला टेकते ती चार तळहातांएवढ्या जागेवर, आणि बाकीची सगळी विद्या त्या चार तळहातांच्या भरवशावर असते. समोरून सायकलवर येणाऱ्या पोराने तुमच्या परंपरेची दीक्षा घेतलेली नाही. तुमची गाडी १९४८ ची वाटते की १९५२ ची, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. पाऊस पडून गेला आहे, रस्ता ओला आहे, आणि तुम्ही ब्रेक दाबला आहे. त्या पोराला एवढेच हवे आहे, की गाडी त्याच्या अलीकडे थांबावी. ज्या सोवळ्याने ती थांबत नाही, त्या सोवळ्याला आग लागो!